सही कोणाची, निर्णय कोणाचा?

उद्योजकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांत कंपनी सुरू कशी करावी हे विचारणारे थोडे होते आणि वाढलेली कंपनी सांभाळावी कशी हे विचारणारे बरेच. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रे थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी नऊ वर्षांपूर्वी भाड्याच्या शेडमध्ये औद्योगिक सेन्सर बनवायला सुरुवात केली. आज आमच्याकडे २१० माणसे आहेत. मी रोज रात्री दहापर्यंत कामावर असतो, कारण प्रत्येक कोटेशन, प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक नेमणूक माझ्याकडे येते. विभागवार व्यवस्थापक नेमले, त्यांना पगारही चांगले दिले. पण ते जबाबदारी घेत नाहीत. बारीकसारीक गोष्टीसाठी "सर, काय करू?" म्हणत दारात उभे राहतात. काय करावे?
– एक संचालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपले व्यवस्थापक जबाबदारी घेत नाहीत अशी आपली तक्रार आहे, पण आपलेच पत्र आपण पुन्हा वाचून पाहिलेत, तर ती त्यांना दिल्याचा उल्लेख त्यात कुठेही सापडणार नाही. पद दिले, पगार दिला, कदाचित केबिनही दिली असेल. कोटेशन मात्र अजून आपल्याच टेबलावर येते. दारात उभा राहणारा माणूस बहुधा आळशी नसतो. न विचारता काही केले की साहेब ते फिरवतात, हे दोन-तीनदा अनुभवून तो शहाणा झालेला असतो.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. ज्या कंपनीत माझी उमेदीची वर्षे गेली, ती नऊ जणांपासून सातशे जणांपर्यंत वाढताना मी पाहिली आणि तिच्या कारखान्याचा भार बराच काळ माझ्याकडे होता. त्या काळात परचेस ऑर्डर कितीही रकमेची असो, तिच्यावर माझी सही लागत असे. एकही पैसा माझ्या नजरेतून सुटत नाही, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. एकदा एका प्रदर्शनासाठी मी बारा दिवस जर्मनीला गेलो. परत आलो तेव्हा टेबलावर सहीसाठी थांबलेल्या एक्केचाळीस ऑर्डरी होत्या आणि असेंब्लीची एक लाईन चार दिवस बंद होती. कारण शोधले तेव्हा कळले की अठराशे रुपयांची ऑईल सील संपली होती. स्टोअरच्या माणसाने मागणी वेळेवर काढली होती, खरेदीवाल्याने भाव घेऊन ठेवला होता आणि विक्रेता स्कूटरवरून वीस मिनिटांच्या अंतरावर होता. फक्त सही नव्हती. मी स्टोअरच्या माणसाला म्हटले, "अहो, खिशातून आणायची होती, मी आल्यावर दिले असते." तो म्हणाला, "साहेब, मागे एकदा आणली होती. तेव्हा तुम्ही विचारलं होतं, कुणाला विचारून आणली?"

यावर मला काही बोलता आले नाही.

तेव्हा पहिले काम असे करा, की पुढचे पंधरा दिवस आपल्यापुढे निर्णयासाठी येणारी प्रत्येक गोष्ट एका वहीत टिपून ठेवा : काय आले, कोणाकडून आले, किती रकमेचे होते आणि समोरच्याने सुचवले त्याहून आपण काही वेगळे ठरवले का. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. माझ्या वहीत दहांपैकी आठ ठिकाणी मी नुसते "ठीक आहे" म्हटले होते, म्हणजे त्या आठ गोष्टींसाठी माणसे उगीचच ताटकळली होती. मग त्या वहीवरून दोन याद्या करा. जी चूक महिन्याभरात निस्तरता येईल, ती करण्याचा अधिकार खाली सोपवा. जी निस्तरायला वर्षे लागतील, म्हणजे नवा कारखाना, मोठे कर्ज, विभागप्रमुखाची नेमणूक, ग्राहकाला दिलेला लेखी शब्द, ती स्वतःकडे ठेवा. सोपवलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एका माणसाचे नाव आणि रकमेची मर्यादा लिहा, आणि तो कागद अकाउंट्स विभागालाही द्या. कारण मर्यादा तोंडी सांगितली आणि पुढे अकाउंट्सने बिल अडवून "साहेबांची सही आणा" म्हटले, तर सारे मुसळ केरात.

खरी परीक्षा त्यानंतर होते, पहिल्या चुकीच्या दिवशी. मर्यादा ठरवून दिल्यावर सहा महिन्यांनी माझ्या खरेदीप्रमुखाने भाव चढणार या अंदाजाने पितळेच्या सळ्यांचा तीन महिन्यांचा साठा घेतला आणि भाव उतरले. अडीच लाखांच्या आसपास फटका बसला. मी काय करतो याकडे सारा कारखाना डोळे लावून होता. मी त्याला बोलावले, अंदाज कशावरून बांधला होता ते ऐकून घेतले, यापुढे एका वेळी किती साठा घ्यायचा हे त्यालाच ठरवायला सांगितले आणि मर्यादा होती तेवढीच ठेवली. त्या दिवशी ती कमी केली असती, तर अडीच लाखही गेले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळे विभागप्रमुख पुन्हा माझ्या दारात उभे राहिले असते.

आपण तिघे संचालक आहात, म्हणून आणखी एक गोष्ट. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिचे दहा हजार रुपयांचे भांडवल सुधा मूर्ती यांनी दिले होते, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मला त्याहून उपयोगी वाटते ती तिच्या सात संस्थापकांमधली कामांची वाटणी. कंपनी वाढत गेली तशी विक्री आणि बाजारपेठ नंदन नीलेकणी यांच्याकडे, मनुष्यबळ एन. एस. राघवन यांच्याकडे, गुणवत्ता के. दिनेश यांच्याकडे अशी क्षेत्रे ठरली. सातही जण हुशार होते, पण प्रत्येक प्रश्न सातही जणांपुढे जात नव्हता. आपण तिघेही सगळे पाहत असाल, तर आपल्या माणसांना तीन साहेब आहेत. आणि आईने नाही म्हटले की बाबांकडे जायचे, ही युक्ती मुलांना जितक्या लवकर कळते, तितक्याच लवकर ती कर्मचाऱ्यांनाही कळते.

प्रश्न : आमच्या उलाढालीतले साठ टक्के काम एकाच मोठ्या ग्राहकाकडून येते. भाव बारा टक्क्यांनी उतरवा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ, असे त्याने कळवले आहे. स्वाभिमान म्हणतो नाही म्हणावे; पण दीडशे घरे या कामावर चालतात.
– एक भागीदार, कोल्हापूर

उत्तर : १९९५ च्या सुमारास इन्फोसिसच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाव भाग जनरल इलेक्ट्रिक या एकाच ग्राहकाकडून येत होता. त्या ग्राहकाने मागितलेले दर परवडणारे नव्हते, तेव्हा इन्फोसिसने ते काम सोडले आणि पुढे कोणत्याही एका ग्राहकावर इतके विसंबायचे नाही, असे धोरण ठेवले. ही गोष्ट भाषणांत फार शौर्याने सांगितली जाते, पण पाव भाग आणि साठ टक्के यांतला फरक आपल्याला मी सांगायला नको. पाव भाग गेला तर कंपनी लंगडते. साठ टक्के गेले तर पगाराची तारीख चुकते.

म्हणून आज सरसकट नकार देऊ नका आणि सरसकट होकारही देऊ नका. या ग्राहकाला आपण जे जे सुटे भाग देता, त्या प्रत्येकाचा खरा खर्च वेगळा काढा. एकत्र हिशेबात फायद्यात दिसणाऱ्या कामात काही भाग तोट्यात चाललेले असतात, हे बहुतेक ठिकाणी आढळते. त्या भागांचे काम जाऊ द्यावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका. बाकीच्यांवर थोडी सूट द्या, पण बदल्यात काहीतरी घ्या : वर्षभराच्या मागणीची लेखी हमी किंवा वेळेवर पैसे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आपली नोंदणी त्यात असेल तर ते सौजन्याने, पण लेखी आठवण करून द्या. हे सारे करताना दीड-दोन वर्षांत साठाचे चाळीस टक्के कसे करणार, याचा कागद तयार ठेवा आणि नवे ग्राहक शोधायला स्वतः बाहेर पडा. वर दोन याद्यांचे सांगितले, त्यांतल्या स्वतःकडे ठेवण्याच्या यादीतले हे काम आहे. ते विक्रीच्या नव्या पोरावर सोपवू नका. परिस्थिती काय आहे हे आपल्या तीन-चार प्रमुख माणसांना मात्र आजच सांगा, कारण ग्राहकाच्या गेटवर माल उतरवणाऱ्या ड्रायव्हरकडून त्यांना ती अर्धवट कळलेलीच असणार.

प्रश्न : शेतमाल थेट शहरात पोहोचवणारी कंपनी मी अकरा वर्षांपूर्वी सुरू केली. माझे पहिले सहकारी म्हणजे आमचे हिशेब पाहणारे काका. पहिल्या वर्षी पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी सहा महिने पगार घेतला नाही. आज उलाढाल ९० कोटींवर गेली आहे, महिन्याचा ताळेबंद पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत मिळत नाही आणि गुंतवणूकदार वित्तप्रमुख नेमा म्हणून मागे लागले आहेत. काकांच्या वर कोणाला आणून बसवायला माझा जीव होत नाही.
– एक संस्थापिका, नाशिक

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांत हे सर्वांत अवघड आहे आणि आपण ते टाळलेले नाही, यातच अर्धे उत्तर आहे. वाढलेल्या कंपनीत हिशेबाची चूक दुरुस्त होते, यंत्राची होते. पहिल्या माणसांशी वागण्यात झालेली चूक मात्र उरलेले सगळे लक्षात ठेवतात, कारण प्रत्येक जण तिच्यात स्वतःचे भविष्य पाहत असतो.

दोन गोष्टी वेगळ्या करा. काकांचे आपल्यावर ऋण आहे आणि काकांना ९० कोटींच्या कंपनीचा हिशेब वेळेवर देता येत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. बहुतेक मालक पहिल्यासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करतात, काही जण दुसऱ्यासाठी पहिले विसरतात. ऋण फेडायचे असेल तर ते पैशात, शेअर्समध्ये आणि मानात फेडावे. न पेलणारे पद हे त्याचे साधन नव्हे; त्या पदावर त्यांची रोज थोडी थोडी शोभा होते आणि गुंतवणूकदारांच्या बैठकीत ते घामाघूम होतात, हे आपण पाहिलेच असेल.

वित्तप्रमुखाची जाहिरात निघण्याआधी आपण स्वतः काकांशी बोला. ऑफिसात नको, आणि मुळीच तिसऱ्या माणसाच्या तोंडून नको. स्पष्ट सांगा की नवा माणूस येणार आहे, तो त्यांच्या वर असेल आणि हे आपण ठरवले आहे. "तुम्हाला काय वाटतं?" असा प्रश्न विचारून ठरलेली गोष्ट त्यांच्याकडून वदवून घेऊ नका, त्यांना ते लगेच कळेल. मग त्यांना काय येते ते बोला. कोणता व्यापारी हंगामात पैसे अडकवतो, कोणत्या गावातल्या शेतकऱ्याला आधी उचल द्यावी लागते, बाजार समितीतला कोणता कागद कोणाकडून लवकर सुटतो, हे नव्या वित्तप्रमुखाला पाच वर्षांतही कळणार नाही. शेतकऱ्यांची देणी आणि व्यापाऱ्यांची वसुली हा एक पूर्ण विभाग होऊ शकतो, आणि त्याचे प्रमुखपद म्हणजे पायउतार होणे नव्हे. 'सल्लागार' असा फलक आणि रिकामे टेबल मात्र त्यांना देऊ नका. एका कंपनीत मी असा सल्लागार पाहिला आहे, ते रोज साडेनऊला येत, वर्तमानपत्राची घडी उलगडत, साडेपाचला ती पुन्हा नीट घालून ठेवत आणि जाताना शिपायाला विचारत, "आज कुणी मला विचारलं का रे?"

शेअर्सचे म्हणत होतो. पगार न घेता काढलेले ते सहा महिने म्हणजे खरे तर गुंतवणूकच होती, फक्त तिची नोंद झाली नाही. इन्फोसिसने १९९४ मध्येच कर्मचाऱ्यांना शेअर्स देण्याची योजना आणली होती; आज नव्या कंपन्यांत ते सर्रास होते, पण ते सहसा नंतर आलेल्या हुशार लोकांसाठी, त्यांना धरून ठेवायला. पहिल्या वर्षी आलेल्यांच्या वेळी कागदपत्रे करायला कोणाला सुचलेले नसते. काकांच्या बाबतीत हे राहिले असेल, तर आता गुंतवणूकदारांपुढे तो विषय आपण काढा, आणि नवा वित्तप्रमुख रुजू होण्याआधी तो तडीस न्या.

काका रागावतील. कदाचित सोडूनही जातील. तरीही हे करावे लागेल, आणि ते आपण केलेत तर उरलेली माणसे निदान एवढे तरी पाहतील की ताईंनी ते स्वतः, समोर बसून केले.

प्रश्न : आमची सॉफ्टवेअर कंपनी चाळीस जणांची होती तेव्हा आम्ही सगळे एकत्र जेवायचो आणि सगळ्यांना सगळे माहीत असायचे. आता ३८० जण आहेत. मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांमुळे वरचे खाली पोहोचत नाही आणि खालचे वर येत नाही. ही मधली फळीच काढून टाकावी, असा विचार आहे.
– एक संस्थापक, पुणे

उत्तर : हा प्रयोग आपल्याआधी झालेला आहे. २००१ च्या उन्हाळ्यात गूगलच्या लॅरी पेज यांनी इंजिनिअरांवरचे प्रकल्प व्यवस्थापक एका झटक्यात काढून टाकले होते. तो फार टिकला नाही. एका प्रमुखाला इतक्या इंजिनिअरांकडे लक्ष देणे शक्य नव्हते आणि मतभेद सोडवायला, अडलेली गोष्ट मोकळी करून द्यायला इंजिनिअरांनाच कोणीतरी हवे होते. पुढे काही वर्षांनी त्याच कंपनीने स्वतःच्या व्यवस्थापकांचा कसून अभ्यास केला, तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाने फरक पडतो असेच निघाले. आणि चांगला कोण, याच्या खुणांत माणसे घडवणे आणि बारीकसारीक गोष्टींत नाक न खुपसणे या वरच्या होत्या.

आपल्याकडे जेवणाच्या टेबलावरून जे हरवले, ते म्हणजे निर्णयामागचे कारण. चाळीस जणांत एखादा ग्राहक सोडला तर का सोडला, हे भाजी वाढून घेताना कळते. ३८० जणांत फक्त सोडल्याचे कळते आणि कारण लोक आपापल्या मनाने भरतात. आमच्याकडे एकदा कॅन्टीनमधला बुधवारचा वडा बंद झाला. झाले एवढेच होते की कंत्राटदार बदलला होता. शुक्रवारपर्यंत कारखान्यात बातमी होती की कंपनी विकायला काढली आहे, आणि एका चांगल्या फिटरने दुसरीकडे अर्जही टाकून ठेवला होता.

मराठी उद्योगात याची जुनी नजर होती. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घराघरांत गेले. ते साहित्याच्या इतिहासात आले, म्हणून त्याचा उगम एका कारखान्याच्या गरजेत होता, हे आपण विसरतो.

आपण महिन्यातून एकदा सर्वांना लिहा किंवा सर्वांसमोर बोला. पण त्यात हातातली कामे, बँकेतली शिल्लक किती महिने पुरेल, या महिन्यात कोणता ग्राहक गेला आणि का, हे असू द्या. नुसते वाढदिवस आणि पुरस्कार असतील तर तिसऱ्या महिन्यापासून कोणी वाचणार नाही. आणि एक पथ्य पाळा : जे सर्वांना सांगणार, ते मधल्या फळीला एक दिवस आधी सांगा. आपल्या टीमने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टीम लीडलाच ठाऊक नसले, तर तो वरचे खाली पोहोचवील कसा? आपली मधली फळी निकामी आहे की उपाशी आहे, हे सहा महिन्यांत कळेल.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरून व्यावसायिक सीईओ नेमला. तरीही जुनी माणसे निर्णयासाठी माझ्याकडेच येतात. त्यांना कसे थांबवावे?
– एक अध्यक्ष, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ते येतात, कारण त्यांना चहा मिळतो आणि उत्तरही मिळते. चहा चालू ठेवा.

विनोद बाजूला ठेवला, तरी गोष्ट सोपी नाही. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २००२ मध्ये सीईओपद नीलेकणींकडे दिले, २०११ मध्ये अध्यक्षपदही सोडले, आणि जून २०१३ मध्ये त्यांना परत यावे लागले. २०१४ मध्ये संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ विशाल सिक्का आले, आणि संस्थापकांशी झालेल्या जाहीर मतभेदांनंतर त्यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये राजीनामा दिला. इतक्या नियमाने चालणाऱ्या कंपनीला जे जड गेले, ते आपल्याला सहज जमेल असे समजू नका.

जुना माणूस आला की त्याचे म्हणणे ऐका, मत देऊ नका आणि सीईओंना फोन करून, त्या माणसाच्या देखत, "हे तुमच्याकडे पाठवतो आहे" एवढेच सांगा. दहा-बारा वेळा असे झाले की येणे कमी होईल. सीईओंचा निर्णय आपल्याला पटला नाही, तर ते संचालक मंडळात बोला, कॉरिडॉरमध्ये नको. आणि एक चौकशी करा : आपल्या बँकेत धनादेशांवर सही करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, ते अकाउंट्सला विचारा. दोन वर्षे झाली तरी मोठ्या रकमेच्या धनादेशावर अजून आपलीच सही लागत असेल, तर जुनी माणसे योग्य ठिकाणीच येत आहेत. या महिन्याच्या बैठकीत ठराव करून तो अधिकार बदलून घ्या. बँकेला त्या ठरावाची प्रत आणि नव्या सह्यांचा नमुना लागेल.